हेकरू आणि लेकरू

बाळा,

परवा तू फोटो पाठवलास. हातात जेमतेम एका वितीचं हेकरू, आणि खाली लिहिलंस, "मामा, पहिलाच मोठा मासा!" मोठा कसला, पोरा, ते अजून शाळेत जाणारं होतं. पण तुझ्या तोंडावरचं हसू इतकं खरं होतं की त्या दिवशी मी काही बोललो नाही.

आता तू रॉड घेतलास, रीळ घेतलंस, आणि दर रविवारी विरारला उतरून अर्नाळ्याला यायचं म्हणतोस. ये की. या खडकांवर मी नोकरीतले सगळे रविवार घालवले, आणि गरी टाकणाऱ्याच्या हातून होतील तेवढ्या चुका तिथेच केल्या. त्या तू पुन्हा करायला नकोत, म्हणून हे लिहितोय. मामीनेही मधेमधे सांगितलंय. तिचे वडील डोलीचं जाळं टाकणारे होते, त्यामुळे माशाचं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

१. आधी हेकरू ओळखायला शीक. जाड ओठ, रुंद तोंड, गोल शेपटी, अंगावर गडद आडवेउभे पट्टे नाहीतर ठिपके, आणि गालाच्या कडेला बारीक काटे — ज्याचं नाव आपल्याला माहीत असतं, त्याच्याशी आपण जरा जपून वागतो. तळकोकणात यालाच गोबरा म्हणतात, तिकडे गेलास तर गोंधळू नकोस.

२. हेकराला घर असतं. बांगडा आज इथे, उद्या डहाणूला. हेकरू मात्र एक बीळ धरतं आणि वर्षानुवर्षं त्याच खडकाच्या आसपास राहतं — म्हणून ज्याला बीळ सापडलं, त्याच्या हातात त्या घराची किल्ली आली असं समज.

३. एका खडकावरून एका दिवसात एकच हेकरू. दुसरं लागलं तर सोड, आणि पुढचे दोन महिने त्या खडकाकडे फिरकू नकोस — पिशवी भरली की खडक रिकामा होतो.

हे तिसरं मी कुठे वाचलं नाही, स्वतः भोगलं. तिशीत होतो तेव्हा अर्नाळ्याच्या किल्ल्याच्या मागच्या अंगाला, ओहोटीला उघडा पडणारा एक खडक मला सापडला. त्याच्या पोटात फट होती, हात घातला तर खांद्यापर्यंत जाईल एवढी. पहिल्या दिवशी दोन हेकरं लागली. दुसऱ्या दिवशी रजा टाकली. आठवड्याभरात आठ काढली. सगळ्या आळीत वाटली, लोकांनी नाव काढलं, मामीने रस्सा केला. पुढच्या आठवड्यात एकही लागलं नाही. मला वाटलं, आमिष बदलावं. मग वाटलं, वारा फिरलाय. सहा पावसाळे त्या फटीत मी कोळंबी सोडत राहिलो आणि वर आला तो फक्त शेवाळाचा झुबका. मामीचे वडील एकदा शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "जावईबापू, घरातली माणसं संपल्यावर दार वाजवून काय उपयोग?" त्यानंतर मी हेकराबद्दल विचारायला, वाचायला लागलो.

४. हेकरू जन्मतः मादी असतं. चांगलं वाढलं की त्यातली काही नर होतात — म्हणजे खडकावरचं सगळ्यात थोराड हेकरू तू उचललंस, तर मागे नुसत्या माद्या उरायची भीती असते.

५. जिताड्याचं बरोबर उलट. तो आधी नर, मोठा झाला की मादी. वैतरणेच्या मुखाशी किंवा वसईच्या खाडीत लागलेला भलामोठा जिताडा म्हणजे अंड्यांनी भरलेली आजी असू शकते — दोघांची रीत वेगळी, पण थोरल्याला हात लावू नये हे दोघांनाही लागू.

६. म्हणून आपल्या घरातलं माप लक्षात ठेव: हेकरू दीड वितीपेक्षा लहान असेल तर सोडायचं, दोन वितींपेक्षा मोठं असेल तरी सोडायचं. मधलं एखादं घरी आणायचं — लहानाला अजून प्रजा व्हायचीय, आणि थोराडाशिवाय प्रजा होत नाही.

७. वीत प्रत्येकाची वेगळी, तुझी तर अजून वाढतेय. रॉडच्या मुठीपासून वर ३३ आणि ४५ सेंटीमीटरवर नखपॉलिशच्या दोन रेघा मार — हातात मासा आला की मन मोठं माप घेतं, रेघ घेत नाही.

मामी म्हणते, हेकरू आणि लेकरू, दोघांनाही मोठं व्हायला वेळ द्यावा. हे ती बाजारात टोपली घेऊन बसायची तेव्हापासून म्हणते, आणि एका वितीचं हेकरू विकायला आणणाऱ्याला तोंडावर म्हणते.

आता जरा लांबची गोष्ट सांगतो, कारण आपल्या एका खडकाचं जे झालं ते तिकडे अख्ख्या बेटाचं होता होता राहिलं. कॅरिबियन समुद्रात लिटल केमन नावाचं छोटं बेट आहे. तिथलं नासाऊ ग्रूपर, म्हणजे आपल्या हेकराचं चुलत भावंड, हिवाळ्यातल्या पौर्णिमेच्या सुमारास ठरलेल्या एकाच जागी हजारोंनी जमतं आणि अंडी सोडतं. ती जागा २००१ मध्ये कोळ्यांना सापडली. तिथे सुमारे ७,००० मासे होते. दोन हिवाळ्यांत त्यातले ४,००० च्या आसपास काढले गेले. मग २००३ मध्ये सरकारने त्या जमावावर मासेमारी बंद केली. सुरुवातीची काही वर्षं आकडा हललाच नाही. लोक म्हणायला लागले असतील, बंदीचा काय उपयोग. पण त्यांनी बंदी उठवली नाही, आणि पंधराएक वर्षांनी तिथे पुन्हा ७,००० च्या घरात मासे जमू लागले. फिजीमध्ये २०१४ पासून मोहीम निघाली, जून ते सप्टेंबर हेकराच्या जातीचे मासे धरायचे नाहीत, विकायचे नाहीत, खायचेही नाहीत. तिथे आचाऱ्यांपासून गावच्या प्रमुखांपर्यंत लोकांनी तसा शब्द दिला. हे वाचलं तेव्हा मला आपल्या श्रावणाची आठवण झाली. आपण पिढ्यान्‌पिढ्या मासे सोडतो ते ऐन पावसाळ्यातच ना?

८. हेकराच्या कुळात एक राक्षसी भाऊ आहे, जायंट ग्रूपर. पावणेतीन मीटरपर्यंत लांब, ४०० किलोपर्यंत वजन. २००१ मध्ये त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतलं, वाघाच्या पंक्तीत — त्याला धरणं हा गुन्हा आहे, हौसेनं धरला तरी.

९. त्याचं पिल्लू पिवळंधमक असतं, अंगावर काळे वेडेवाकडे डाग. असं काही गरीला लागलं तर फोटोसाठीही पाण्याबाहेर काढू नकोस — पिवळा रंग दिसला की हात थांबलाच पाहिजे. व्हेल शार्क, करवत मासा, समुद्रघोडा, हेही त्याच यादीतले.

१०. कुणा होडीवाल्याच्या जाळ्यात असला प्राणी अडकलेला दिसला तर त्याला सांग, जाळं कापून सोडलं तर वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, २०१८ पासून. फोटो मात्र काढायला लाव — जाळं हे कोळ्याचं शेत आहे, ते कापायला आपण नुसतं तोंडाने सांगू नये.

११. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली, त्याखालचे पकडायला बंदी. पापलेट १३५ मिलिमीटर, हलवा १७०, बोंबील १८०, सुरमई ३७०, घोळ ७०० — हे आकडे पाठ कर, कारण गरीला काय लागणार ते तुझ्या हातात नाही, काय पिशवीत जाणार ते आहे.

१२. आपलं पापलेट त्याच वर्षी राज्यमासा झालं, त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातल्या सातपाटीच्या मच्छीमारांनी मागणी लावून धरली होती. बाजारात तळहातावर मावणाऱ्या पापलेटांचा वाटा कुणी स्वस्तात देऊ केला तर घेऊ नकोस — घेणारा थांबला की धरणाराही थांबतो.

१३. यांत्रिक होड्यांना साधारण १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस समुद्र बंद असतो. दरवर्षी सरकारचा आदेश निघतो, तो वाचूनच कुणाच्या होडीत बस — होडीवाला ओळखीचा असला तरी बंदीच्या दिवसांत तुझ्या हौसेपायी त्याचा परवाना धोक्यात येऊ नये.

१४. या बंदीमागे दोन कारणं आहेत: एक, पावसाळ्यात बऱ्याच माशांची अंडी घालायची वेळ असते, दुसरं, समुद्र खवळलेला असतो आणि माणसं परत येत नाहीत. तू खडकावरून गरी टाकतोस म्हणून कायदा तुला थेट अडवणार नाही, तरी ते दोन महिने तूही रॉड भिंतीला टांग — कोळी होडी शाकारून घरी बसतो, तर हौशी माणसाने का बसू नये?

१५. पुन्हा कधी सुरू करायचं ते मामीला विचार. तिच्या माहेरी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय कुणी होडी लोटत नसे — सरकारी तारीख आधी आली तरी चार दिवस थांबल्याने कुणाचं काही बिघडलं नाही.

या बंदीच्या दिवसांत काय करायचं म्हणशील तर माझ्याकडे ये. गऱ्या तासू, तंगूस, म्हणजे गरीची दोरी, बदलू, जुनी शिसं गोळा करू. अर्नाळ्यात जून-जुलैत फिरलास तर दिसेल, किनाऱ्यावर होड्या शाकारून ठेवलेल्या, ओसरीवर म्हातारी माणसं जाळ्याची आस मोजत बसलेली. मासेमारीतलं अर्धं शहाणपण या दोन महिन्यांत बसल्या बसल्या शिकायला मिळतं.

१६. घड्याळाआधी तिथी बघ. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास पूर्ण भरती. पुढे तिथीला पाऊणकी लावायची. चार पाऊणे तीन, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती. आठ पाऊणे सहा, म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास — मोबाईलची बॅटरी संपते, पाढा संपत नाही.

१७. उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या दिवशी लांबच्या खडकावर जाऊ नकोस, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवशी जा. आणि पाणी वळलं की तू पण वळ — भरती समोरून येताना दिसते, पण माणूस अडकतो तो मागच्या घळीत भरलेल्या पाण्यामुळे.

१८. गरीचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट कर. मासा सुटेल ही भीती सोड. तंगूस ताणलेलं ठेवलंस तर सुटत नाही — आणि सोडायचा असेल तेव्हा ओठ न फाडता निघतो.

१९. हेकरासाठी गोल गरी वापर, तोंड आत वळलेली. ती गिळली तरी बहुधा बाहेर येताना ओठाच्या कोपऱ्यात बसते — सरळ गरी पोटात रुतते, मग सोडलेला मासाही वाचत नाही.

२०. तरीही एखाद्याने गरी खोल गिळलीच तर ओढू नकोस. तोंडाजवळ तंगूस काप आणि गरीसकट सोड — आतडं फाटण्यापेक्षा पोटात गरी बरी, ती कालांतराने गंजते.

२१. माशाला हात लावण्याआधी हात समुद्राच्या पाण्यात बुडव. कोरडा फडका, तापलेला खडक, वाळू, यांचा त्याला स्पर्श नको — अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं कातडं राखणारं तेल. कोरडा हात, माशाचा घात.

२२. जबड्याला धरून उभं लटकवू नकोस, पोटाखाली दुसरा हात दे. फोटो हवाच असेल तर मित्राला कॅमेरा आधी तयार ठेवायला सांग, आणि तुझा श्वास रोखून धर — तुला श्वास घ्यावासा वाटला की त्यालाही पाण्यात जावंसं वाटत असतं.

या बाविसाव्याची किंमत मला माहीत आहे. एकदा चांगलं अडीच वितींचं हेकरू लागलं. सोडायचं हे मनात पक्कं होतं, तोवर शिकलो होतो. पण सोबतच्या मित्राचा कॅमेरा पिशवीच्या तळाशी, त्यात रोल भरायचा राहिलेला. उन्हात ते हेकरू मी हातात धरून उभा. कल्ले उघडत होते, मिटत होते, मग उघडायचे थांबले. फोटो सुंदर आला. पाण्यात सोडलं तेव्हा ते पोट वर करून तरंगलं, आणि मी गुडघाभर पाण्यात उभा राहून अर्धा तास त्याला पुढेमागे हलवत होतो. तो फोटो मी कपाटाच्या आतल्या दारावर लावलाय. येशील तेव्हा बघ.

२३. होडीतून खोल पाण्यात गरी टाकलीस तर वर येता येता हेकराच्या पोटातली हवा फुगते. डोळे बाहेर, तोंडातून फुगा आल्यासारखं. तो फुगा टोचू नकोस, ते त्याचं पोट आहे — असा मासा नुसता सोडला तर तरंगतो आणि घारी-बगळे उचलतात.

२४. त्यासाठी भाजीवाल्याचा प्लास्टिकचा क्रेट घे, कडेने शिसं बांध, मध्ये दोरी. मासा पाण्यावर ठेवायचा, वरून क्रेट उलटा घालायचा आणि हळूहळू खाली सोडायचा — खोलीवर हवा आपोआप दबते आणि हेकरू स्वतः निघून जातं. त्याहून बरं म्हणजे, पहिल्याच माशाला असं झालं तर तिथली जागा सोडायची.

२५. आमिषाला पिल्लं वापरू नकोस. बाजारातून थोडी करंदी नाहीतर माकुलाचे तुकडे घे — एका मोठ्या माशाच्या आशेने वीस लहान मारणं हा तोट्याचा व्यवहार आहे.

२६. तुटलेलं तंगूस खिशात घाल, खडकावर वीतभरही ठेवू नकोस. माणूस घरी गेला तरी तंगूस मासेमारी करत राहतं — कासवाच्या परात, बगळ्याच्या पायात, आणि आपल्याच हेकराच्या बिळात.

२७. वही ठेव. तारीख, तिथी, खडक, मासा, लांबी, ठेवला की सोडला — तीन वर्षांनी ती वाचलीस की कुठला खडक थकला आणि कुठला सावरला ते तुझं तुलाच कळेल.

२८. चांगल्या खडकाचं ठिकाण फोटोसोबत टाकू नकोस. मासा दाखव, मागचा किल्ला दाखवू नकोस — रविवारी ज्या खडकाला एक गरी झेपते, त्याला पन्नास झेपत नाहीत.

२९. कोळ्याच्या जाळ्याच्या ओळीत, डोलीच्या खुंटाजवळ कधीही गरी टाकू नकोस, आणि खडकावर कुणी आधी बसलं असेल तर विचारून बस — आपली हौस आहे, त्यांची चूल आहे.

वही ठेवायला का सांगितलं, ते सांगतो. ज्या फटीतून मी आठ काढली, तिथे जायचंच मी सोडलं होतं. मधे बरीच वर्षं गेली. चार पावसाळ्यांपूर्वी कार्तिकातल्या भांगाला सहज तिकडे गेलो आणि एक हेकरू लागलं, सव्वा वितीचं. ओठाच्या डाव्या कोपऱ्यात गरी बसली होती. काढताना थोडी जागा फाटली. वहीत लिहिलं, सोडलं. पुढच्या वर्षी त्याच फटीत, त्याच तिथीच्या आसपास, पावणेदोन वितींचं हेकरू. डाव्या ओठाला पांढरट व्रण, शिवलेल्यासारखा. वही काढून बघितली. तेच.

ते माझ्या मापात बसत होतं, ठेवता आलं असतं. सोडलं. परवा पुन्हा बघायला गेलो होतो, गरी न घेता, फक्त ओहोटीला वाकून फटीत डोकावलो. आत काळोखात काहीतरी हललं. रविवारी येशील तेव्हा तुला ती जागा दाखवीन. रॉड मात्र त्या दिवशी मामीकडे ठेवून ये.

— तुझा मामा